पशुवंशी लोकांचं नगर कसं उभं करावं: फँटसी रोलप्लेइंगसाठी टप्प्याटप्प्यानं मार्गदर्शन

फँटसी रोलप्लेइंगमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक जगातली पात्रं साकारण्याच्या खेळात, सुसंस्कृत पशुवंशी (थोडे प्राणी, थोडे माणूस असलेले) लोक आणायचे ठरले की बऱ्याच टेबलांवर एकाच जागी घोडं अडतं. वेशीवर मांजरवंशी पहारेकरी उभा असतो. त्याला टोकदार कान आहेत, शेपूट आहे; पण कान-शेपूट पुसून टाकलं तरी त्या प्रसंगात काडीचा फरक पडत नाही. नाहीतर अगदी उलटं होतं. तोच पहारेकरी बोलता बोलता घरंगळणाऱ्या दोऱ्याच्या गुंड्यामागे धावतो, टेबल हसतं, आणि त्यानंतर त्या नगरातला न्यायाधीश, वैद्य, कवी यांपैकी कुणीच कुणाला खरा वाटत नाही.

दोन्ही चुका क्रमामुळे होतात. सुरुवात स्वभावापासून केली जाते: मांजरवंशी गूढ आणि लबाड, बैलवंशी तापट, लांडगेवंशी निष्ठावान. मग पोशाख, मग नावं, आणि शरीर शेवटी शोभेपुरतं. खालचा क्रम याच्या उलट आहे. आधी शरीर, मग शरीरामुळे घडलेलं नगर, मग कायदा आणि भांडणं, मग व्यक्ती, मग आवाज व हावभाव, आणि सगळ्यात शेवटी नियम व आकडे. गेम मास्टरनं, म्हणजे जग आणि कथा चालवणाऱ्यानं, सगळे टप्पे करावेत. एकच पात्र खेळणाऱ्याला दुसरा, सहावा आणि सातवा टप्पा पुरतो.

उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच वंश घेतला आहे: तरसवंशी. खेळांमध्ये तरसासारखे लोक बहुतेक वेळा लुटारू टोळ्या म्हणूनच भेटतात, त्यामुळे पद्धत चालते की नाही हे त्यांच्यावर नीट पारखता येतं.

## सुरुवातीआधीची तयारी

एका कागदावर तीन रकाने आखा: शरीर, नगर, व्यक्ती. पहिला रकाना भरेपर्यंत तिसऱ्यात काहीही लिहायचं नाही. हाताशी त्या प्राण्याची प्राणिशास्त्रातली माहिती ठेवा. दुसऱ्या खेळातलं वर्णन ठेवू नका.

दुसरी तयारी खेळाडूंबरोबरची. सेशन झिरोमध्ये, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, तीन प्रश्न स्पष्ट विचारा. हे लोक दिसायला किती प्राणी आणि किती माणूस? मांस, शिकार, गुलामी, पिंजरा या गोष्टी कथेत कितपत चालतील? आणि अंगाला हात लावण्याबद्दल काय? हा शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. मग कुणीतरी दुसऱ्याच्या पात्राचे कान परवानगी न घेता कुरवाळतं, ते गंमत म्हणून खपून जातं, आणि ज्याचं पात्र आहे तो खेळाडू गप्प होत जातो. पशुवंशी व्यक्तीचा कान म्हणजे व्यक्तीचाच कान, हे पहिल्या दिवशी ठरवून टाका.

इशारा: जगातल्या कुठल्याही खऱ्या समाजाचा पोशाख, उच्चार किंवा विधी उचलून पशुवंशावर चिकटवू नका. माणसांच्या समूहाला जनावर म्हणणं ही फार जुनी शिवी आहे, आणि तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी टेबलावर बसलेल्या एखाद्याला ती ऐकू येऊ शकते.

## टप्पा १: प्राणी नेमका ठरवा

‘मांजर’, ‘पक्षी’, ‘सरडा’ एवढं पुरत नाही, जात ठरवा. आपल्याकडे तरस म्हटलं की पट्ट्यांचा तरस डोळ्यांपुढे येतो आणि तो बहुधा एकटा-दुकटा फिरतो. आफ्रिकेतला ठिपक्यांचा तरस मोठ्या टोळीत राहतो. दोघांचं समाजजीवन इतकं वेगळं आहे की त्यांच्यापासून दोन निराळी राज्यं निघतील. इथे ठिपक्यांचा घेऊ.

माहिती गोळा करताना प्रत्येक समज तपासून घ्या. लांडग्यांच्या कळपात सतत मारामारी करून ‘अल्फा’ ठरतो, ही कल्पना बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरच्या निरीक्षणांतून पसरली. रुडॉल्फ शेंकेल यांचा तो अभ्यास १९४७ चा. जंगलातला कळप बहुधा एक जोडपं आणि त्याची पिल्लं असा कुटुंबाचा असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये सविस्तर मांडलं. तरीही खेळांमधले लांडगेवंशी अजून सिंहासनासाठी एकमेकांचे गळे धरताना दिसतात. आईवडिलांच्या शब्दावर चालणारं, वयात आलेल्या मुलांना घराबाहेर पाठवणारं लांडगेवंशी राज्य यापेक्षा कितीतरी नवं वाटेल.

ठिपक्यांच्या तरसाबद्दल हाती येतं ते असं. टोळीत माद्या वरचढ असतात. पिल्लाला आईच्या लगेच खालचा दर्जा मिळतो, त्यामुळे धाकटी बहीण थोरलीच्या वर जाते. नर वयात आल्यावर सहसा टोळी सोडतात आणि परक्या टोळीत अगदी खालच्या पायरीवरून सुरुवात करतात. गवताच्या काड्यांवर गंधाचा लेप लावून ते निरोप ठेवतात. जबडा हाडं फोडतो. त्यांचं प्रसिद्ध ‘हसणं’ आनंदाचं नसतं. दबाव, भीती, अन्नावरची झटापट अशा वेळी ते निघतं.

## टप्पा २: शरीरातल्या तीनच गोष्टी निवडा

सगळं घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. खेळाडूंच्या लक्षात तीन गोष्टी राहतात, आणि तीनच गोष्टींचे परिणाम तुम्हाला शेवटपर्यंत नेता येतात. दोन शरीराच्या आणि एक समाजजीवनाची, हे प्रमाण चांगलं चालतं. तरसवंशीयांसाठी: गंध, दबावाखालचं हसणं, आणि धाकटीचा दर्जा. जबडा मोहक आहे, पण मी तो सोडेन, कारण तो लढाईकडे ओढतो आणि नगराला फारसं काही देत नाही.

निवडताना इंद्रियांकडे आधी बघा. दात-नखं सगळ्यांना सुचतात. इंद्रियांमुळे मात्र सगळं जगच वेगळं दिसायला लागतं. घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत, म्हणून ते पूर्ण डोकं वळवतं. घुबडवंशी व्यक्तीला चोरून कटाक्ष टाकणं शक्यच नाही. सशाला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण नाकासमोरचं नीट दिसत नाही. ससेवंशीयांमध्ये तोंड बाजूला वळवणं म्हणजे लक्ष देणं. मांजरांना गोड चव कळत नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, आणि बऱ्याच पक्ष्यांना आपल्याला न दिसणारे अतिनील रंग दिसतात. म्हणजे पक्षिवंशी नगराच्या ज्या भिंती माणसाला कोऱ्या पांढऱ्या वाटतात, त्यांवर कदाचित सगळ्या सूचना लिहिलेल्या असतील.

हातांचा प्रश्न इथेच मिटवा. बोटं किती, अंगठा आहे का, नखं आत जातात की कायम बाहेर? लेखणी, कुलूप, सुई आणि नाणं हे सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

तपासणी: निवडलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक वाक्य लिहा: ‘यामुळे माणसांच्या गावात यांची अडचण होते, कारण…’ वाक्य पूर्ण होत नसेल तर ती गोष्ट निव्वळ सजावट आहे. दुसरी निवडा.

## टप्पा ३: शरीरातून नगर काढा

आता दुसरा रकाना. घर, रस्ता, बाजार आणि दप्तर या चार जागा घ्या आणि प्रत्येक जागी विचारा: या शरीराच्या लोकांनी ही जागा कशी बांधली असती?

तरसवंशीयांचं नगर वाऱ्याच्या दिशेनं आखलेलं आहे. चामडं कमावणारे आणि रंगारी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, न्यायसभा वरच्या अंगाला. भर बाजारात अत्तर सांडणं हा दंडनीय गुन्हा, कारण त्यानं अर्ध्या बाजाराची वाचाच बंद होते. करारावर शिक्का नसतो, गंध असतो. त्याची नक्कल करणं अवघड, पण तो उडून जातो. म्हणून प्रत्येक करार दरवर्षी ताजा करावा लागतो, आणि म्हणून नगरातलं सगळ्यात बलाढ्य खातं सैन्य नसून दप्तरखाना आहे. मेलेल्या माणसाला करार ताजा करता येत नाही. म्हणजे मृत्युपत्राला मुदत आली. परक्या व्यापाऱ्यांना गंध वाचता येत नाही. म्हणजे त्यांना पगारी गंधसाक्षी ठेवावा लागतो. आणि गंधसाक्षी फितूर झाला तर? एका नाकातून इतकी कथानकं निघाली, आणि अजून कुणाच्या स्वभावाबद्दल आपण एक शब्दही लिहिलेला नाही.

सुसर-मगरींचं असंच. मगरींमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे अंडं किती उबेत राहिलं यावर ठरतं. मग मगरवंशी नगरात उबवणीघराची ऊब कोण ठरवतं? कुटुंब, पुरोहित की नगरसभा? एवढ्या एका प्रश्नावर पूर्ण कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग कथा, उभं राहू शकतं.

नेहमीची चूक: ‘ते निसर्गाच्या जवळ राहतात’ असं लिहून मोकळं होणं. हे लोक नगरात राहतात. सांडपाणी, धान्याची कोठारं, मोडलेला पूल, थकलेला कर हे सगळं त्यांच्याकडेही आहे.

## टप्पा ४: स्वभावाला कायद्यानं काय उत्तर दिलं ते लिहा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि वगळलाही हाच सगळ्यात जास्त जातो. एखाद्या लोकसमूहाला सुसंस्कृत का म्हणायचं? त्यांच्या अंगात काही ओढी आहेत, त्या ओढींमुळे एकमेकांना त्रास होतो, आणि तो त्रास आवरण्यासाठी त्यांनी नियम, पदं, समारंभ आणि पळवाटा तयार केल्या आहेत म्हणून. संगमरवरी कमानी नंतर येतात. ज्या पशुवंशाला ओढच नाही तो वेष बदललेला माणूस होतो. ज्याला ओढ आहे पण उत्तर नाही तो जनावर राहतो.

तरसवंशीयांमध्ये धाकटी मुलगी घराची वारस. आता एक घर डोळ्यांसमोर आणा. थोरलीनं आईच्या आजारपणात वीस वर्षं कारभार ओढला, देणी फेडली, नाव राखलं. मग आईला उतारवयात मुलगी झाली. नियमाप्रमाणे पाळण्यातलं बाळ थोरलीच्या वर गेलं. रानात हा प्रश्न दातांनी सुटला असता. नगरात तो शतकानुशतकं घासून घासून कायदा झाला आहे: मान धाकटीचा, किल्ल्या थोरलीच्या. थोरलीला कारभारीण हे पद मिळतं, आणि दोघींच्या गंधाशिवाय घराची वीटही विकता येत नाही.

हे उत्तर मुद्दाम अपुरं ठेवा. कारभारीण मेली तर किल्ल्या कुणाच्या? ज्या आईला फक्त मुलगेच आहेत तिचं काय? जुळ्या झाल्या आणि सुईणीला लाच दिली गेली तर? कायद्यातली अशी भोकं म्हणजेच साहस. खेळाडूंना राक्षस मारायला पाठवण्याआधी एकदा साक्ष द्यायला पाठवा.

पुरुषांची बाजूही इतकीच कसून लिहा. जवळजवळ प्रत्येक नवरा दुसऱ्या नगरातून आलेला. म्हणजे वेशीजवळ परगावच्यांची वस्ती आली, ओळखपत्रं आली, ‘पाच वर्षं राहिल्याशिवाय साक्ष ग्राह्य नाही’ असा नियम आला, आणि तो नियम मोडीत काढू पाहणारा पक्षही आला. पण याच पुरुषांचं माहेर दूरदूरच्या नगरांत आहे, म्हणून व्यापार आणि वकिलात बहुतेक त्यांच्याच हाती. दर्जा खालचा, पण ओळखी सर्वदूर. हा ताण नगराला जिवंत ठेवतो.

तपासणी: या वंशातले दोन सुजाण, सज्जन लोक एकाच कायद्यावरून भांडू शकतात का? दोघांचीही बाजू तुम्हाला पटण्यासारखी मांडता आली पाहिजे. ‘सगळे तरसवंशी असं मानतात’ असं वाक्य वहीत दिसलं की खोडा आणि ‘बहुतेक’ लिहा. मग न मानणारे कोण ते लिहा.

## टप्पा ५: ताटात काय, ते आधीच ठरवा

हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला येतोच, म्हणून लवकर मिटवा. या जगात न बोलणाऱ्या गाई आहेत का? गायवंशी शेजारी असताना व्याघ्रवंशी काय खातात? सोपा नियम असा की बोलणाऱ्याचं मांस कुणी खात नाही. पण नियम सांगून थांबू नका, तो पाळला जातो कसा ते सांगा. मांसबाजारात तपासनीस आहे का, तो कुठल्या वंशाचा आहे, आणि दुष्काळात काय झालं होतं?

शाकाहारी वंशांना ‘शांत’ ठरवून गुंडाळू नका. गुरं दिवसाचे साधारण सहा ते आठ तास रवंथ करतात. गोवंशी नगरसभा त्याच वेळात भरते असं ठरवलंत की तिथली चर्चा किती निवांत चालते आणि घाईच्या परक्या वकिलाचा जीव कसा मेटाकुटीला येतो, हे आपोआप दिसतं.

## टप्पा ६: आता व्यक्ती

तिसरा रकाना उघडा. प्रत्येक नगरासाठी किमान तीन एनपीसी (गेम मास्टर स्वतः खेळवतो ती पात्रं) करा: एक परंपरा मनापासून मानणारा, एक तिच्याशी झगडणारा, आणि एक ज्याला या सगळ्याशी फारसं देणंघेणं नाही. तिसरा विसरू नका. बहुतेक लोक तिसरेच असतात. पूल दुरुस्त करणारी गवंडीण वारसाहक्काबद्दल दिवसभर बोलत नाही. तिला चुन्याची चिंता असते. तिच्यामुळे पहिल्या दोघांचा आवेश खरा वाटतो.

खेळाडूनं आपल्या पात्राबद्दल दोन प्रश्न सोडवावेत. माझ्या शरीराची कोणती गोष्ट मला आवडते, आणि कोणती मी परक्यांसमोर लपवतो? आपल्या लोकांचा कोणता नियम मी घर सोडल्यावरही पाळतो? ‘मी माझ्या वंशातला एकमेव चांगला’ ही पार्श्वभूमी शक्यतो टाळा. त्यात बाकीचे सगळे वाईट ठरतात आणि आधीच्या पाच टप्प्यांची मेहनत वाया जाते.

## टप्पा ७: टेबलावर साकारताना

वर्णनाची भाषा आधी सांभाळा. मराठीत कितीतरी प्राणी नपुंसकलिंगी आहेत, आणि बोलण्याच्या ओघात गेम मास्टर ‘ते अस्वल म्हणालं’ असं सहज बोलून जातो. तिथे व्यक्ती संपली. ‘अस्वलवंशी वैद्यबाई म्हणाल्या’ असं म्हणा. माणूस न्यायाधीशाला अहो-जाहो करत असाल तर तरसवंशी न्यायाधीशालाही करा. गुरगुरणं, फिस्कारणं, हंबरणं ही क्रियापदं राखून ठेवा. व्यक्ती खरोखर भानावर नसेल तेव्हाच वापरा, म्हणजे त्यांना धार येते. कुठल्याही भागातली बोली ‘रानटी’ म्हणून त्यांच्या तोंडी घालू नका.

आवाज बदलण्यापेक्षा लय बदलणं सोपं आणि परिणामकारक. घोगरा आवाज तासाभरात गळा धरतो. त्यापेक्षा उत्तर देण्याआधी एक श्वास नाकानं ओढा, मग बोला; एवढ्यावर तरसवंशी ओळखू येतो. एका व्यक्तीला एकच लकब द्या, पूर्ण वंशाला तीच देऊ नका.

दुसऱ्या टप्प्यातलं हसणं आता कामाला येतं. वाटाघाटीत तरसवंशी वकील हसायला लागते. खेळाडूंना वाटतं, सौदा तिच्या मनासारखा झाला. खरं तर ती घाबरलेली आहे. हे पहिल्यांदा घडेल तेव्हा अर्थ सांगू नका. दुसऱ्यांदा एखाद्या स्थानिकाच्या तोंडून सूचित करा. तिसऱ्यांदा खेळाडू स्वतः ओळखतील, आणि त्या क्षणी त्यांना हे लोक कळायला लागलेले असतील.

इशारा: पहिल्या प्रसंगात दोनच तपशील द्या. सहा दिलेत तर ते व्याख्यान होतं. बाकीचे तपशील खेळाडू चुकतील तेव्हा बाहेर येऊ द्या: कुणी अत्तर लावून बाजारात शिरेल, कुणी नवऱ्यालाच घरमालक समजेल.

## टप्पा ८: नियम आणि आकडे

इथवर आल्यावरच नियमपुस्तक उघडा. तीव्र घ्राणशक्तीसाठी ॲडव्हांटेज देणार असाल, म्हणजे वीस पैलूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, तर सरासरी १०.५ वरून सुमारे १३.८ वर जाते. हा फायदा मोठा आहे. त्याला मर्यादा आणि किंमत दोन्ही द्या: पाऊस, धूर, गर्दी यांत तो मिळत नाही, धूप जळत असलेल्या दालनात उलट अडचण होते.

नाकामुळे रहस्यकथा ढासळते, अशी तक्रार गेम मास्टर वरचेवर करतात. त्यावर उपाय असा: गंधातून ‘कोण आलं होतं’ हे कळू द्या, ‘का’ आणि ‘काय केलं’ हे कळू देऊ नका. शिवाय ज्या नगरात सगळ्यांनाच वास येतो तिथले गुन्हेगारही तयारीचे असतात. कुणाचा तरी अंगरखा चोरून घालूनच ते घरफोडीला जातात. अंधारातल्या नजरेचंही तसंच. मांजराला अंधुक उजेडात उत्तम दिसतं, काळ्याकुट्ट अंधारात नाही. तेवढा फरक ठेवलात तर मशालीला पुन्हा किंमत येते.

बुद्धी, शहाणपण, नीतिमत्ता यांचे आकडे वंशाला बांधू नका. शरीराचे आकडे वंशाकडून आणि कौशल्यं पार्श्वभूमीकडून घ्या. दप्तरखान्यात वाढलेला तरसवंशी कारकून पहारेकऱ्यासारखा का लढावा?

तपासणी: कॅरेक्टर शीटवरून, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरून, वंशाचं नाव झाका. उरलेल्या शीटवरून पात्राचा व्यवसाय आणि गाव ओळखता आलं पाहिजे. वंशाचं नाव झाकल्यावर शीट रिकामी वाटली तर सहाव्या टप्प्यावर परत जा.

## पहिल्या तीन सेशननंतर

वही काढा आणि खेळाडूंनी कुठल्या तपशिलांचा स्वतःहून वापर केला त्यांवर खूण करा. कुणी गंधसाक्षीला लाच देऊ केली, कुणी कारभारिणीकडे दाद मागितली, त्या जागा वाढवा. तिथे आणखी एक व्यक्ती, आणखी एक पोटनियम घाला. ज्या तपशिलाला कुणी हातच लावला नाही तो काढून टाका, कितीही आवडता असला तरी. आणि खेळताना खेळाडूंनी काही गृहीत धरलं असेल, उदाहरणार्थ करार ताजा करायच्या दिवशी सगळे नवीन कपडे टाळत असणार, तर ते नगराचा रिवाज म्हणून लिहून घ्या आणि पुढच्या सेशनला एखाद्या म्हाताऱ्या तरसवंशी बाईच्या तोंडून सहज बोलून दाखवा.